वळणावरची हवा

हेडमास्तरांच्या गॅरेजमध्ये त्या दुपारी तीन खोकी उघडी पडली होती आणि तिन्हींवरून वाद रंगला होता.

हेडमास्तर म्हणजे गॅरेजचे मालक. शाळेशी त्यांचा संबंध शिकण्यापुरताच, आणि तोही बेताचा. पण गिऱ्हाइकाला आधी रागवायचं आणि मग बॉनेट उघडायचं ही त्यांची रीत, त्यावरून नाव पडलं ते चिकटलंच. जुन्या इंजिनांमध्ये मात्र त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

"हे बघा इंजिनियर बाई," ते गाडी घेऊन आलेल्या सासू-सुनांपैकी सुनेला म्हणाले, "चार सिलिंडरना चार स्वतंत्र थ्रॉटल. बॉनेट उघडलं की माणूस बघत राहिला पाहिजे. एवढं निगुतीने तयार केलेलं इंजिन, आणि त्याच्या डोक्यावर तुम्ही हे एकच डबडं बसवणार?"

"गाडी बॉनेट बंद ठेवूनच चालवायची आहे," सून म्हणाली.

कोपऱ्यातल्या स्टुलावर थर्मास मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या सासूबाई गालात हसल्या. गाडी त्यांची होती.

खरं तर गाडी त्यांच्या वडिलांची. चार दारांची, गोल दिव्यांची, फिकट हिरवी. पुढचा बंपर जरा तिरका, त्यामुळे गाडी नेहमी काहीतरी विचारल्यासारखी दिसायची. वडिलांनी हौसेने घेतली आणि मग आयुष्यभर तिच्या इंजिनाच्या मागे लागले. सिलिंडर मोठे करून घेतले, झडपा उघडणारा कॅम बदलला, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले. कारखान्यातून निघालेल्या इंजिनापैकी आता बाहेरचं लोखंडी धूडच तेवढं मूळचं होतं. हा सगळा आटापिटा एका घाटासाठी होता.

घाटापलीकडे सासूबाईंची थोरली बहीण राहायची. लग्न होऊन ती तिकडे गेली, आणि लेकीच्या दारात स्वतःच्या गाडीने जायचं हे वडिलांचं साधं स्वप्न होतं. ते पुरं झालं नाही. घाटमाथ्याच्या थोडं अलीकडे एक वळण आहे, तिथे गाडी बंद पडायची. दर वेळी, त्याच जागी. ढकलत मागे आणली की चालू व्हायची. पुन्हा वर नेली की पुन्हा बंद. बाकीच्या गाड्या, ट्रक, बस शेजारून बिनबोभाट निघून जायच्या. शेवटी वडील बसने जात राहिले, आणि एक दिवस तेही थांबलं.

यंदा थोरल्या बहिणीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती वाचली, पण पार खचली. फोनवर धड बोलेना, जेवायला नको म्हणायची. एकदाच काय ती सासूबाईंना म्हणाली, "बाबांची गाडी एकदा माझ्या दारात आण गं. बाकी काही नको."

तेव्हापासून सासूबाईंनी ध्यास घेतला होता. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला, कित्येक महिने समुद्रात. राहिली सून. आणि सुनेचं कामच हे होतं. इंजिनांच्या कारखान्यात जाड काचेमागे बसून कुठलं इंजिन किती हवा ओढतं हे ती मोजायची आणि त्या बेताने त्याला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवायची. वळणाची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिला त्यात काहीच गूढ वाटलं नव्हतं.

"आई, उंचावर हवा विरळ असते," तिने समजावलं होतं. "कार्बोरेटरला ते कळत नाही. तो आपला खालच्यासारखंच पेट्रोल ओतत राहतो आणि इंजिन गुदमरतं. फ्युएल इंजेक्शन बसवू. ते आधी हवा मोजतं, मग पेट्रोल देतं."

"मग बसव," सासूबाई म्हणाल्या होत्या.

म्हणून ही तीन खोकी. पहिल्यात हेडमास्तरांचं नावडतं डबडं: कार्बोरेटरच्या जागी सरळ बसणारं, आतल्या हवेच्या दाबावरून हवेचा अंदाज बांधणारं. दुसऱ्यात पेट्रोलचा फवारा मारणारे चार इंजेक्टर, आणि फिल्टरच्या तोंडाशी बसून आत शिरणारी हवा प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर. तिसऱ्यात हेडमास्तरांच्या लाडाचे चार थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपा, त्यांच्यावर बसणारी हवेची मोठी पेटी आणि तिचा स्वतःचा सेन्सर. तिन्ही हेडमास्तरांनी ओळखीच्या दुकानातून वापरून बघायला आणली होती. सुनेने पहिलं निवडलं. गरजेपुरतं आणि साधं.

"तुमची मर्जी," हेडमास्तर म्हणाले आणि पुढचे काही दिवस रुसल्यासारखं काम करत राहिले.

गाडी झकास चालली. सपाट रस्त्यावर शिट्टी वाजवल्यासारखी. एका सुट्टीच्या सकाळी सासू-सुना घाटाला लागल्या. सासूबाई चालवत होत्या. वडिलांनी दोघी मुलींना याच गाडीवर शिकवलं होतं आणि त्यांचा हात अजून पक्का होता. सून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

वळण तसं साधंच होतं. डावीकडे कापलेला काळा खडक, उजवीकडे चुना लावलेला बुटका कठडा. समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून खांबावर एक फुगीर आरसा. सिमेंटचं एक बाक. कठड्यापलीकडे गवत वाऱ्याने लोळत होतं. अलीकडचं, खडकाच्या पायथ्याचं, अगदी स्थिर होतं.

तिथे इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं.

सुनेने आकडे पाहिले. आतला दाब जरा कमी होता, पण गाडी बंद पडावी इतका नाही. त्या दाबाला जेवढं पेट्रोल हवं तेवढंच गेलं होतं. पण सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर वेगळंच सांगत होता: पेट्रोल फार झालं, ते जाळायला आत हवाच नव्हती.

"सेन्सर खराब असेल," ती म्हणाली.

सासूबाईंनी काच खाली केली. "तुला वास येतोय का? ओल्या लोकरीसारखा?"

आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. सुनेला वास आला होता. तिने खांदे उडवले आणि हँडब्रेक सोडायला सांगितलं. गाडी उलटी घरंगळत खाली आली आणि पहिल्या चावीला चालू झाली.

सेन्सर बदलला. पुन्हा तेच. हवा कुठे गळते का हे बघायला हेडमास्तरांनी नळ्यांमध्ये धूर सोडून पाहिला, सांध्यांवर साबणाचं पाणी ओतलं. एकही बुडबुडा उठला नाही. मग सुनेने एक वेगळा रस्ता शोधला, या घाटाहून बराच उंच. तिथे गाडी हसतखेळत चढली, माथ्यावर इंजिन सुरू ठेवून दोघींनी थर्मासमधली कॉफी प्यायली, आणि विरळ हवेचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

मोजमापात बसत नाही अशी गोष्ट सुनेला चपलेतल्या खड्यासारखी टोचायची.

"दुसरं खोकं बसवू," ती हेडमास्तरांना म्हणाली. "पण पहिल्याचा दाबाचा सेन्सरही राहू दे. एक तोंडाशी, एक आत. हवा नेमकी कुठे जाते ते तरी कळेल."

"एका इंजिनाला दोन-दोन पहारेकरी," हेडमास्तर म्हणाले. "चोर सापडला तर मलाही दाखवा."

दोन सेन्सरच्या मध्ये होती फक्त वीतभर रबरी नळी आणि थ्रॉटल.

या वेळी सुनेने गाडी वळणाच्या जरा अलीकडे, कडेला घ्यायला लावली आणि मग पावला-पावलाने पुढे. इंजिन कण्हू लागलं. स्क्रीनवरच्या दोन रेघा इतका वेळ एकमेकींना चिकटून चालल्या होत्या. त्या हळूच सुटल्या. तोंडाशी भरपूर हवा शिरत होती. आत पोचत होती ती कमी. वीतभर नळीत काही हवा नाहीशी होत होती. आणि ती सारखी नाहीशी होत नव्हती. फट रुंदावायची, अरुंद व्हायची. पुन्हा रुंदावायची.

इंजिन बंद पडलं.

सून स्क्रीनकडे बघतच राहिली. आतली रेघ जमिनीला टेकली होती, टेकायलाच हवी होती. तोंडाशी असलेल्या सेन्सरची मात्र चालूच होती. वर. खाली. वर.

ती उतरली, बॉनेट उघडलं. तापलेलं लोखंड टिकटिकत होतं. पंखा थांबलेला, पट्टा थांबलेला. तिने खिशातला रुमाल काढला आणि दोन बोटांत धरून फिल्टरच्या तोंडासमोर लोंबता सोडला.

रुमाल आत ओढला गेला. जाळीला चिकटला. मग सुटून तिच्याकडे फुगला. मग पुन्हा आत.

सासूबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. दोघी बराच वेळ त्या रुमालाकडे बघत राहिल्या. एक ट्रक हॉर्न देत गेला. त्याच्या वाऱ्याने दोघींचे केस उडाले. रुमाल आपल्याच लयीत हलत राहिला.

"दम लागलाय," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चढ चढून आलेल्या माणसासारखा."

"आई, दाबाचा फरक असेल. गरम इंजिन, गार हवा..." सुनेचं वाक्य पुरं झालं नाही. असा दाबाचा फरक तिने कधी पाहिला नव्हता, आणि पाहिला नाही ते पाहिलं म्हणण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने रुमाल खिशात ठेवला. तो दमट झाला होता.

उतरताना अर्ध्या वाटेवर तीच म्हणाली, "हा सेन्सर काढून टाकता येईल. नळी बदलून, तोंड दुसरीकडे वळवून बघता येईल. त्या जागेची हवा लागणारच नाही असं काहीतरी करू."

सासूबाईंनी गिअर बदलला. "म्हणजे त्याची हवा तोडायची."

"कुणाची?"

"मला काय माहीत कुणाची. पण इतकी वर्षं आपण सगळे तेच करतोय ना? बाबांनी इंजिन मोठं केलं. मोठं इंजिन जास्त हवा ओढणार. दोघांची ओढाताण." मग त्यांनी विचारलं, "दोघांना पुरेल एवढी हवा आत येईल, असं काही नाही का तुमच्या त्या खोक्यांत?"

सून घरी पोहोचेपर्यंत लॅपटॉपवर आकडे मांडत राहिली. अंगणात गाडी उभी राहिल्यावर ती म्हणाली, "आहे."

दुसऱ्या दिवशी तिने हेडमास्तरांना तिसरं खोकं उघडायला सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपता लपेना. चार थ्रॉटल, प्रत्येकावर स्वतंत्र इंजेक्टर, आणि त्या सगळ्यांवर हवेची एक मोठी पेटी. पेटी सुनेने आणखी मोठी बनवून घेतली, इतकी की बॅटरी उचलून डिकीत न्यावी लागली. तोंडाचा आणि आतला, दोन्ही सेन्सर तिने राहू दिले, पण नुसते बघण्यापुरते. तोंडाच्या सेन्सरचं ऐकून पेट्रोल सोडायचं नाही, सायलेन्सरकडून येणाऱ्या खबरीवर सोडायचं, असं तिने लॅपटॉपवर बसवलं. कोण किती घेतं याची चौकशी नको. इंजिनाच्या वाट्याला जेवढी उरेल तेवढीला पेट्रोल.

"ही पेटी म्हणजे दुसरं फुप्फुस झालं," हेडमास्तर म्हणाले. "एवढी हवा करायची काय तुम्हाला?"

"चढावर कमी पडते," सून म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

निघायच्या सकाळी लख्ख ऊन होतं. सुनेने घाटापलीकडच्या थोरल्या मावशींसाठी घेतलेल्या फळांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. सासूबाईंनी ती उचलून डिकीत नेली आणि सीटवरची धूळ हाताने झटकली.

चढ सुरू झाला तशी गाडी खुलली. चार थ्रॉटलचा आवाज घोगरा, भरदार होता. सासूबाईंच्या पायाखाली गाडी लहान मुलासारखी धावत होती. त्या चक्क गुणगुणत होत्या. सुनेला हसू आलं. मग खडक दिसला, कठडा दिसला, आणि सुनेने लॅपटॉप उघडून मांडीवर घेतला.

रेघा सुटल्या.

फट रुंदावली, पूर्वीपेक्षा जास्त. इंजिनाचा आवाज खाली गेला. अजून खाली. पण तुटला नाही. पेटीत हवा होती. पेट्रोल आपोआप आखडलं, सावरलं. गाडी रांगत वळणात शिरली.

"चाललीय," सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आई, चाललीय. पाय उचलू नका."

सासूबाईंनी पाय उचलला. ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला.

"थांबू नका. बंद पडेल."

"नाही पडणार."

इंजिन चालू राहिलं. त्या वळणावर, त्या गाडीचं, पहिल्यांदाच. खडखडत, एक ठोका पुढे एक मागे, पण चालू.

सासूबाई वळल्या. हात मागे लांबवून त्यांनी डाव्या बाजूच्या मागच्या दाराची खिट्टी वर केली. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसल्या.

सून स्क्रीनकडे बघत होती. बघायला दुसरं काही नको होतं. वर. खाली. वर. फट थोडी लहान झाली. लय संथ झाली. धाप लागलेलं माणूस बाकावर टेकतं आणि हळूहळू निवत जातं, तशी.

ओल्या लोकरीचा वास आला. आधी बाहेरून. मग आतून.

दार उघडल्याचा आवाज झाला नाही. बंद झाल्याचा झाला.

दोन्ही रेघा एकमेकींना मिळाल्या आणि तशाच राहिल्या.

"निघूया?" सासूबाईंनी विचारलं. हा प्रश्न आपल्याला होता की नाही हे सुनेला कळलं नाही, तरी ती "हो" म्हणाली.

त्यांनी फर्स्ट गिअर टाकला. गाडीने वळण मागे टाकलं, उरलेला चढ संपवला, आणि माथ्यावर एकदम सगळं मोकळं झालं: पलीकडचं खोरं, उन्हात चकाकणारी एक नदी, लांबवर पसरलेली लाल छपरं. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"बाबांनी हे या काचेतून कधी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "कसं छान दिसतं गं."

सुनेने त्यांच्या हातावर हात ठेवला. बरंच काही वाटत होतं, पण भीती त्यात फारशी नव्हती, याचंच तिला नवल वाटलं. तिची नजर सवयीने स्क्रीनवर गेली. इंजिन उत्तम चाललं होतं. फक्त दोन माणसांच्या गाडीला लागावं त्याहून जरा जास्त जोर लावत होतं. तिने लॅपटॉप मिटला.

मागे वळून दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही.

थोरल्या मावशींचं घर उतारावर होतं, रस्त्यापासून पाच-सहा दगडी पायऱ्या वर. इंजिनाचा आवाज त्यांनी लांबूनच ऐकला असावा. गाडी थांबली तेव्हा त्या काठी टेकत, एकेक पायरी जोखत, खाली येऊन उभ्या होत्या. ऑपरेशननंतर त्या निम्म्या झाल्या होत्या. स्वेटर खांद्यांवरून घसरत होता.

"आलात?" त्या म्हणाल्या.

सासूबाई धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडल्या. मावशींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, गालाला हात लावला, सुनेकडे बघून मायेने मान हलवली. मग काठी घेऊन त्या गाडीजवळ आल्या. गरम बॉनेटवर तळवा ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या आणि पुढचं दार ओलांडून मागच्या दाराशी थांबल्या.

त्यांनी दार उघडलं. ते तसंच धरून ठेवलं, घाई न करता.

"सावकाश," त्या आत वाकून म्हणाल्या. "इथे पायऱ्या आहेत."

सून मागच्या चाकापाशी उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत गाडीचा मागचा भाग स्प्रिंगवर बोटभर वर उचलला गेला आणि स्थिर झाला.

मावशींनी दार लोटलं. हातातली काठी त्यांनी गाडीला टेकवून ठेवली, डावा हात कोपरात वाकवून जरा पुढे धरला, आणि सगळा भार त्या बाजूला टाकून, न अडखळता, पायऱ्या चढू लागल्या.